ब्रह्मदेवाचा दिवस आणि बुंदीची फरशी



गेल्या महिन्यात आमच्या युवक मंडळाच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. पाठवणारा आपलाच मुलगा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि 14 एप्रिलच्या मिरवणुकीत पहिल्या रांगेत असतो. फॉरवर्ड तुम्हीही कधीतरी पाहिलाच असेल. ब्रह्मदेवाचा एक दिवस 432 कोटी वर्षांचा, आजचे विज्ञान पृथ्वीचे वय 454 कोटी वर्षे सांगते, म्हणजे पाश्चात्त्यांना काल कळले ते आपल्या ऋषींना हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होते. खाली त्या मुलाने स्वतःची ओळ जोडली होती : "जातीचं सोडा ताई, पण हे तर मानावंच लागेल ना?"

नाही. मानावे लागत नाही. आणि 'जातीचं सोडा' हे तर अजिबात नाही, कारण या आकड्यातून जात सुटतच नाही.

आधी साधा हिशेब करू. 432 कोटी हे त्या कालगणनेत पृथ्वीचे वय नाहीच, ती ब्रह्मदेवाच्या एका दिवसाची लांबी आहे. तो दिवस अजून संपलेला नाही. पुरोहित पूजेला बसताना संकल्पात श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे कलियुग असे जे म्हणतो, ते त्या दिवसातले आजचे ठिकाण असते. त्या ठिकाणापर्यंत मोजले तर सुमारे 197 कोटी वर्षे भरतात. म्हणजे ज्या परंपरेच्या अभिमानाने फॉरवर्ड फिरतो, तिच्याच मोजणीने उत्तर निम्म्याहून जास्त चुकते. दिवसाची लांबी घ्यायची की सरलेला भाग घ्यायचा, हे फॉरवर्ड बनवणाऱ्याने उत्तर आधी पाहून ठरवले आहे. शाळेत याला कॉपी म्हणतात.

दुसरा पुरावा म्हणून कार्ल सेगनचे नाव येते. त्यांनी 'कॉसमॉस'मध्ये हिंदू पुराणांतल्या प्रचंड कालखंडांचा उल्लेख केला हे खरे. पण आकडे जुळतात ते निःसंशय योगायोगाने, असेही त्याच वाक्यात सांगितले. फॉरवर्डमध्ये योगायोग गाळला जातो, सेगन ठेवला जातो.

आता जातीकडे येऊ. ब्रह्मदेवाचा हा दिवस मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात आहे, 72 व्या श्लोकात. त्याच अध्यायात पुढे युगांगणिक धर्माचा एकेक पाय कसा कमी होत जातो ते येते. आणि लगेच 87 ते 91 या श्लोकांत कोणत्या वर्णाने काय करायचे ते ठरते. ब्राह्मणाने शिकायचे-शिकवायचे; शूद्राला एकच काम, वरच्या तिघांची सेवा, तीही मनात असूया न ठेवता. अध्याय तोच आणि बोलणाराही तोच. 72 वा श्लोक भिंतीवर फ्रेम करून लावायचा आणि 91 वा विचारला की 'ते प्रक्षिप्त असेल हो' म्हणायचे, ही चलाखी आपण किती वर्षे ऐकणार? महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी जो ग्रंथ जाळला, त्यात हा ब्रह्मदेवाचा दिवसही होता.

आणि हा केवळ शेजार नाही. युगांच्या त्या हिशेबात काळ फक्त खाली घसरतो. सुरुवात सर्वोत्तम, शेवट सर्वात वाईट. पुराणांत कलियुगाची जी लक्षणे दिली आहेत त्यांत शूद्र आपली पायरी सोडून ब्राह्मणासारखे वागू लागतील हे एक ठळक लक्षण आहे. म्हणजे मित्रा, तुझी इंजिनिअरिंगची सीट ही त्या कालगणनेत प्रगती नाही, जग बिघडल्याची खूण आहे. ज्या घड्याळात आपले शिकणे हाच बिघाड आहे, ते बरोबर वेळ दाखवते असे प्रमाणपत्र आपणच द्यायचे?

मग पृथ्वीचा जुनेपणा खरोखर कळतो कसा? मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. भूगर्भशास्त्र माझ्या वाट्याला कॉलेजात आले नाही, ते आले एका दगडावरून. दोन हिवाळ्यांपूर्वी खाणकामगारांच्या सिलिकोसिसच्या कामानिमित्त राजस्थानात बुंदी जिल्ह्यात गेले होते. आमच्यासोबत तिथले एक निवृत्त भूगोल शिक्षक होते. वाटेत त्यांनी गाडी थांबवली आणि रस्त्यापासून थोड्या अंतरावर एका तिरक्या उभ्या खडकापाशी नेले. छपराच्या उताराएवढा कललेला वालुकाश्म होता आणि त्याच्या पूर्ण पाठीवर लाटा होत्या. नदीकाठच्या ओल्या वाळूवर पाणी ओसरल्यावर ज्या बारीक वळ्या दिसतात ना, अगदी तशा, बोटभर अंतराने, ओळीने. फक्त हाताला दगड लागत होता.

मास्तरांनी विचारले, "ये पानी किधर से किधर गया?" मी हसले. त्यांनी माझे बोट एका वळीवरून फिरवले. एक बाजू लांब आणि हळू चढणारी, दुसरी आखूड आणि खडी. वाहते पाणी वाळूचे कण हळू चढावरून वर ढकलते आणि ते कण माथ्यापलीकडे घसरून पडतात, म्हणून खडी बाजू प्रवाहाच्या पुढच्या दिशेला असते. दोन्ही बाजू सारख्या असतील तर समजायचे की इथे उथळ पाणी लाटांनी पुढेमागे हलत होते. अशा वळीचा माथा टोकदार असतो आणि खळगा गोलसर. त्यावरून थराची वरची बाजू कोणती तेही कळते, खडक पार उलटा झाला असला तरी. वळ्या पुसल्या का गेल्या नाहीत? कारण वरून लगेच गाळाची साय आली. कधी सूक्ष्मजीवांचा चिकट थर वाळूला धरून ठेवत असे. विंध्य खडकांत त्याच्या खुणा पुष्कळ मिळतात.

मग मास्तर म्हणाले, आता सांगा, पाणी भिंतीवर उभे राहते का?

नाही राहत. म्हणून ही वाळू जेव्हा पसरली तेव्हा ती आडवी होती. नंतर ती पुरली गेली, घट्ट दगड झाली. त्यानंतर काहीतरी प्रचंड घडले आणि तो दगड कलला. मग वरचे सगळे झिजून तो उघडा पडला. पाच मिनिटांत, कोणताही ग्रंथ न उघडता, चार घटना क्रमाने कळल्या. बुंदीजवळ सातूर इथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक जाहीर केले आहे. तिथून विंध्य आणि अरवली यांच्यामधला मोठा सीमाभ्रंश जातो, म्हणजे जमिनीतली लांबच लांब चीर. त्या चिरेजवळ विंध्याचे थर कललेले, दूर गेलात की जवळजवळ आडवे. कारणही जागेवरच पडलेले आहे.

ही युक्ती काही भारी नाही, सातवीच्या मुलाला कळते. पण ती सुचायला माणसाला ग्रंथाकडे पाठ करावी लागली. गाळाचे थर मुळात आडवे असतात हे निकोलस स्टेनोने 1669 मध्ये लिहिले. त्या काळच्या युरोपातही पुरोहित होतेच. आर्चबिशप अशर यांनी 1650 मध्ये बायबलमधल्या पिढ्या मोजून सृष्टीचा आरंभ ख्रि. पू. 4004 ठरवला होता. जेम्स हटन 1788 मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सिकार पॉइंटला होडीने गेला. तिथे खालचे थर जवळजवळ उभे आणि त्यांच्या कापल्या गेलेल्या टोकांवर वरचे थर थोडेसेच कललेले. आधी खालचे साचले, उभे झाले, झिजले. मग त्यांच्यावर पुन्हा समुद्राने-नद्यांनी गाळ टाकला. एवढ्या घटना 6 हजार वर्षांत बसत नाहीत. अशरचा आकडा फार लहान आणि ब्रह्मदेवाचा फार मोठा, एवढाच काय तो फरक. दोघांपैकी एकानेही दगड पाहिला नव्हता.

नीट लक्षात घ्या, वाळूच्या वळ्या वर्षांचा आकडा देत नाहीत. त्या फक्त क्रम सांगतात. आकडा किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या क्षयातून निघतो. 454 कोटींच्या जवळची पहिली भक्कम मोजणी क्लेअर पॅटरसन यांनी उल्केतल्या शिशावरून केली. तो शोधनिबंध 1956 चा, आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षीचा. हे मोजताना त्यांना कळले की प्रयोगशाळेत, हवेत, सगळीकडे शिसे भरले आहे आणि ते पेट्रोलमधून येते. मग त्या माणसाने पुढची कित्येक वर्षे त्या धंद्याशी वैर घेतले. दगडाचे वय आणि माणसाचे रक्त त्यांनी वेगळे ठेवले नाही. आपल्याला अशा शास्त्रज्ञांची चरित्रे माहीत नसतात, ही आपलीही चूक आहे.

आणि शास्त्रज्ञ चुकतात का? चुकतात की! भीमबेटकाच्या एका गुहेच्या छतावर पुरातन प्राण्याचा, डिकिन्सोनियाचा, जीवाश्म दिसल्याचे ग्रेगरी रिटॅलॅक आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये छापले. जगभर बातम्या झाल्या. तो खरा असता तर तिथल्या विंध्य खडकाचे वय सुमारे 55 कोटी वर्षे मानावे लागले असते, म्हणजे खडकातल्या कणांच्या मोजणीवरून जे 100 कोटींच्या आसपास येत होते त्याच्या जवळजवळ निम्मे. पुढच्या वर्षी जो मीर्ट आणि त्यांचे सहकारी तिथे पुन्हा गेले, तर तो 'जीवाश्म' छतावरून सोलवटत होता. ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष होते. 2023 मध्ये हे छापून आले आणि रिटॅलॅक यांनी चूक मान्य केली. आता मला एक शंकराचार्य दाखवा ज्यांनी एखाद्या श्लोकाबद्दल 'आमचे चुकले, ते पोळे होते' असे छापले आहे.

इथे आपल्या विहारांतल्या मंडळींनाही दोन शब्द. 'बुद्धाला पृथ्वीचे वय माहीत होते' असे फॉरवर्ड आपल्याकडेही फिरतात. संयुत्त निकायात कल्प किती मोठा हे सांगताना बुद्ध एक उपमा देतात : योजनभर लांब-रुंद-उंच अखंड डोंगर, शंभर वर्षांतून एकदा कोणी त्याला काशीच्या तलम वस्त्राने पुसतो, तो डोंगर झिजून संपेल पण कल्प संपणार नाही. ती उपमा आहे, मोजमाप नाही, आणि सांगण्याचा हेतू भूगर्भशास्त्र नसून दुःखाची लांबी आहे. तिला भूगर्भशास्त्र ठरवले तर आपण त्यांच्याच दुकानात आपली पाटी लावली. केसमुत्ती सुत्तात कालामांना जे सांगितले, की ग्रंथात आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, ते आपल्या ग्रंथांनाही लागू आहे.

आता त्या दगडाची दुसरी बाजू, जी सातूरच्या स्मारकावरून दिसत नाही.

बुंदी जिल्ह्यातच डाबी-बुधपुरा भागात याच विंध्याच्या वालुकाश्माच्या खाणी आहेत. डाबी हे नाव लक्षात ठेवा; 1920 च्या दशकात संस्थानाच्या जुलमाविरुद्ध शेतकऱ्यांच्या सभेत गोळी खाऊन पडलेले नानक भील इथलेच हुतात्मे. इथला दगड फरशी आणि ठोकळे होऊन ब्रिटन-युरोपात जातो. तिथल्या घरांच्या अंगणात लाटांची नक्षी असलेली नैसर्गिक फरशी लोकांना आवडते. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातली ती वळी आज एक डिझाइन आहे. ती दुकानात पोचते कशी? दगड थराच्या पातळीवरच सुटतो. जिथे एके काळी वाळूवर गाळाची साय बसली, तिथेच छिन्नी बसते. ही जागा ओळखणे हे कौशल्य आहे.

खाणीजवळच्या वस्तीत मला भेटलेले काका चाळीस-बेचाळीसचे असतील, दिसत होते साठीचे. जातीने मेघवाल. मी फोनमधला तिरक्या खडकाचा फोटो दाखवला. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "यहाँ पानी था, दीदी. हमको मालूम है. पत्थर इसी पे खुलता है." हटनचे नाव त्यांनी ऐकले नव्हते. त्यांच्या मुलाने शाळा आठवीत सोडली होती. पंचवीस वर्षे जो माणूस रोज एका पुरातन किनाऱ्याची पाने उलटतो आहे, त्याला ते पुस्तक वाचायला कोणी शिकवले नाही, आणि ज्यांनी वाचायचा मक्ता घेतला ते ब्रह्मदेवाचा दिवस मोजत बसले. 87 ते 91 या श्लोकांचा अर्थ याहून वेगळा काय असतो?

बोलताना काकांना दर वाक्याला थांबावे लागत होते. वालुकाश्म म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, म्हणजेच सिलिका. कोरड्या दगडावर छिन्नी आणि ड्रिल चालले की डोळ्याला न दिसणारी धूळ उडते, ती फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथे वण धरतात. तोंडाला बांधलेला गमछा तिला अडवत नाही. झालेले नुकसान कोणत्याही औषधाने भरून येत नाही. काकांना तालुक्याच्या दवाखान्यात दोनदा टीबीचा कोर्स दिला होता. सिलिकोसिस आणि टीबी एक्स-रेवर सारखे दिसू शकतात, आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर गाठतोही. पण टीबी लिहिले की खाणमालक सुटतो, सिलिकोसिस लिहिले तर नुकसानभरपाईचा प्रश्न उभा राहतो. दगडावर पाणी मारत काम केले तर धूळ बरीच कमी होते. हे शंभर वर्षे माहीत आहे. पण पाणी मारायला पैसे लागतात आणि माणूस बदलून मिळतो. उचल घेतलेली असते, बाप खोकत घरी बसला की ती फेडायला मुलगा खाणीवर जातो.

राजस्थानच्या वालुकाश्माच्या खाणींत राबणारे बहुसंख्य लोक दलित आणि आदिवासी आहेत. अयोध्येच्या मंदिराचा गुलाबी दगड भरतपूरच्या बंसी पहाडपूरचा, तोही विंध्याचाच वालुकाश्म. मंदिराच्या दगडांची संख्या, त्यांचे वजन, कोरीव कामाची घनफुटे या सगळ्याच्या बातम्या झाल्या. तो फोडणाऱ्यांच्या एक-रेंची बातमी मी शोधली. मला मिळाली नाही. आणि हे फक्त त्यांच्याच देवळांबद्दल नाही. आपल्या विहारांत कोटा फरशी आहे. सारनाथचा सिंहस्तंभ चुनारच्या विंध्य वालुकाश्माचा आहे, त्याच्याही कारागिरांची नावे आपल्याला माहीत नाहीत. आपल्या आजोबांनी ज्या पाटीवर अक्षर गिरवले, तिच्या पेन्सिली मध्य प्रदेशातल्या मंदसौरला बनत, आणि मंदसौरच्या पेन्सिल कामगारांचा सिलिकोसिस हे भारतीय वैद्यकातले सर्वाधिक अभ्यासलेल्या प्रकरणांपैकी एक आहे. आपले 'शिका' कोणाच्या तरी फुप्फुसातून आले आहे, हे कळल्यापासून मला पाटी बघवत नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, अत्याचाराच्या केसेस पडल्या आहेत आणि ताई दगडांवर लिहितात. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते तेव्हा डिसेंबर 1943 मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. खाणकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या लाभाचा कायदा त्यांनी सुधारला, कोळसा खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभा केला. त्यांना वेळ होता आणि आपल्याला नाही, असे आहे का? सिलिकोसिसही अत्याचारच आहे, फक्त त्याचा एफआयआर होत नाही.

राजस्थानने 2019 मध्ये न्यूमोकोनिओसिस धोरण आणले. प्रमाणपत्र मिळालेल्या रुग्णाला 3 लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला 2 लाख रुपये, शिवाय पेन्शन. ते आपोआप आले नाही, तिथल्या कामगारांच्या आणि विधवांच्या रेट्याने आले. तरी मेख प्रमाणपत्रातच आहे. अर्ज ऑनलाइन, एक्स-रे, मग डॉक्टरांचे बोर्ड, मग तारीख. काकांचा अर्ज आधारवरच्या जन्मतारखेवरून दोनदा परत आला होता. तिसरा आम्ही माझ्याच फोनवरून भरला.

महाराष्ट्रात कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरात सिलिका वाळू काढली जाते. प्रत्येक जिल्ह्यात खडी क्रशर आहेत, आणि तिथे वडार, पारधी, आदिवासी आणि आपलीही माणसे कामाला आहेत. त्या इंजिनिअरिंगच्या मुलाला मी ग्रुपवर एवढेच लिहिले : तुझ्या गावाजवळच्या क्रशरवर रविवारी जा. पाणी मारतात का बघ. शेवटचा एक्स-रे कधी काढला ते विचार, आणि केसपेपरवर टीबी लिहिले आहे का तेही बघ. परत आलास की आपण ब्रह्मदेवाच्या दिवसावर बोलू.

तो गेला. चार केसपेपरचे फोटो पाठवले आहेत. तिघांवर टीबी आहे, चौथ्याचा एक्स-रे काढलेलाच नाही.